ताठ मेणबत्त्या

वीस वर्षं हॉटेलला पॅराफिनच्या मेणबत्त्या पुरवणाऱ्या मोठ्या जावेची ऑर्डर धाकटीने एका वाक्यात पळवली: “आमचं मेण सोयाबीनचं आहे, धूर नाही की काजळी नाही.” वर घरी येऊन टोमणाही मारला, “जाऊबाई, तुमच्या मेणबत्तीपेक्षा चूल कमी धूर करते.”

मोठीने तेव्हा ओठ चावला. पण सोयाचं मेण किती हळवं असतं, हे तिला ठाऊक होतं. तापल्या पत्र्यावर पॅराफिनची मेणबत्ती निदान उभी राहते, सोयाची तासाभरात मान टाकते. माल द्यायच्या दिवशी भर दुपारी धाकटी जेवायला बसलेली पाहून तिने दोन्ही खोकी छपरावरच्या पत्र्यावर नेऊन ठेवली आणि चार वाजता गुपचूप जागच्या जागी आणली.

संध्याकाळी हॉटेलचा मॅनेजर आला. “उघड की गं, साहेबांना बघू दे तुझी कला,” मोठी गोड आवाजात म्हणाली.

धाकटीने खोकी उघडली. सगळ्या मेणबत्त्या ताठ उभ्या होत्या, एकीनेही मान वाकवली नव्हती. मोठी क्षणभर चक्रावली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“साहेब, फसवतेय ही तुम्हाला! हे सोयाचं मेण नाहीच, पॅराफिन आहे! माझ्या मुलांची शप्पथ!”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

मॅनेजरने मोठीकडे वळून विचारलं, “कशावरून, बाई?”