सव्वा मूठ गहू

प्रेमराजच्या मोबाइलवर दोन मोटारबोटींचे फोटो होते. पाच जणांची लाल, आठ जणांची निळी. दिवाळीत घरच्यांना गिरणा धरणावर फिरवायचं होतं. विकणाऱ्याला उत्तर आजच हवं होतं. सकाळपासून प्रेमराजने तीनदा लाल ठरवली, तीनदा निळी. "आपण पाचच तर आहोत," बायको वैतागली. शेजारी आई कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू काढत होती. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. प्रेमराज आणि त्याचा मुलगा, असे दोन ढीग हवे होते. सुपात चार दिसले. "माय, ह्या दोन कोना?" "समाधानना आन त्याना पोरना." धाकटा भाऊ समाधान दोन वर्षांपूर्वी भांडून बायको-मुलासह वेगळा झाला होता. "तो कोठे येस?" "तू बलावं का?" प्रेमराजने समाधानला फोन लावला. "पाच जनसनी बोट लेऊ का आठनी?" "आमले धरीसन का सोडीसन?" तिकडून समाधानने विचारलं. "धरीसन," प्रेमराज म्हणाला.