पहिल्या दहात

"एकोणिसावा," मिलिंद म्हणाला.

"काल बाविसावा हुता." राजारामांनी मळलेली तंबाखू तशीच हातात धरली. "सोमवारपतूर पयला पायजे."

कराडच्या स्टँडमागं मिलिंदचं कॉम्प्युटरचं दुकान. नव्व्याण्णव साल, टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट, एक पान उघडेपर्यंत चहा संपायचा. राजाराम पलटणीतून रिटायर झालेले. रोज मलकापुरातून सायकलवर यायचे आणि ड्यूटीवर असल्यासारखे ताठ बसायचे.

त्यांचा मुलगा कपिल दीड वर्षापूर्वी मुंबईला कामाला जातो म्हणून गेला, तो गेलाच. मिलिंदनं त्याचं एक पान करून इंटरनेटवर टाकलं होतं. फोटो, नाव, गाव, आणि खाली 'असशील तिथून कळव'. पण कपिलचं नाव टाकून शोधलं की आधी सगळं क्रिकेट यायचं. हा कपिल पार तळाला.

सोमवारी राजारामांची सून आम्रपाली कॉम्प्युटरच्या क्लासला बसणार होती. नवऱ्याला आपणच शोधायचं म्हणून तिनं क्लास लावला होता. पहिल्याच दिवशी शोधायला शिकवत.

"नाव टाकलं की तिला आपलं पान दिसलं पायजे," राजाराम म्हणाले. "आशेवर जगतीय पोरगी. मागं कुणीतरी वंगाळ बोललं, तर चार दिस जेवली न्हाई."

मिलिंदकडं युक्त्या होत्या, राजारामांकडं वेळ होता. भागीदारी जमली.

मिलिंदनं पानाच्या तळाशी कपिलचं नाव तीनशे वेळा लिहिलं. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात. माणसाला दिसत नाही, इंटरनेटवर शोधणारं यंत्र मात्र मोजतं.

"म्हंजी रोजगार हमीचं मस्टर," राजाराम म्हणाले. "कामावर कुणी न्हाई, नावं तीनशे."

पान अकरावं आलं.

मग परदेशी लोकांच्या पानांवर पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही असते, तिथं मिलिंद लिहीत सुटला. जितक्या जागी आपला पत्ता, तितका यंत्राकडं आपला मान. अमेरिकेतल्या एका म्हातारीनं आपल्या कुत्र्याचं पान केलं होतं. तिथं त्यानं लिहिलं, कुत्रं झकास आहे, आमचा कपिल दिसला का?

"तिला रं काय ठावं कपिल?"

"तिला नसू दे. यंत्राला पत्ता घावला की बास."

म्हातारीनं आभार मानून कुत्र्याचा दुसरा फोटो पाठवला. पान सहावं आलं.

"आबा, दोनशे माणसांनी बघितलंय आपलं पान. कुणाचा निरोप आलाय का, मेल उघडू?"

"ऱ्हाऊ दे. नंबर बघ."

"आपल्या वर ही कुठल्या जहाज कंपनीची इंग्रजी यादी येतीय सारखी. कुणी दुसरा कपिल असंल. बघू उघडून?"

"दुसऱ्याच्या दारात वाकून बघायची सवय न्हाई मला. फोनची मिंटं जात्यात. आपलं बघ."

मिलिंदनं आपलं बघितलं. रोज सकाळी यंत्राकडं नवा अर्ज, गावाच्या नावाची भर, पलटणीच्या नावाची भर. शनिवारी दुपारी पान उघडलं आणि तो खुर्चीतच मागं रेलला.

"पयला. आबा, पेढं काढा."

राजाराम हसले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा लावला.

"दुसरं काय हाय?"

"तीच यादी."

"एका येळंला किती दिसत्यात?"

"धा."

"मग अजून नऊ कपिल कर."

"नऊ?"

"एक दुबईत. एकाचं गोव्यात हाटेल. एक पिंपरीला कंपनीत. फोटो येगळं, गाव मलकापूरच. तुझी ती तीनशे नावं समद्यास्नी लाव. सोमवारपतूर हुईल न्हवं?"

"हुईल. पर आबा, अशानं शोधणारं माणूस येडं हुईल. आपला कपिल घावायचाच न्हाई."

राजारामांनी तंबाखू कोपऱ्यात झटकली.

"गेल्या पंचायतीला तात्याबाच्या नावाचे आजून चार तात्याबा उभं केलते. हुतास न्हवं तू?"

"हुतो की. मीच फारम भरलं चौघांचं."

"कशापायी केलते?"

"खरा दिसू नये म्हणून," मिलिंद म्हणाला, आणि त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

त्यानं ती यादी उघडली. पान वरून एकेक ओळ उतरू लागलं. जहाजाचं नाव. बुडाल्याची तारीख. मग माणसांची नावं.

राजारामांनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

"सातवं नाव हाय," ते म्हणाले.