नुसते ओठ

करंजाड्यात सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बायकांच्या वृंदगानाचा सराव त्यांची संचालक क्षिप्रा घेत असे. वृंद-संचालकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा यंदा वाशीत होती, आणि वृंदातल्या जाईचा सूर दर वेळी केसभर खाली उतरत होता.

"तू नुसते ओठ हलव," क्षिप्रानं तिला बाजूला घेऊन सांगितलं. "कोणाला कळणार नाही."

सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरणारी जाई हसली. "चालेल, मॅडम."

स्पर्धेच्या सकाळी जाईच्या नवऱ्याचा फोन आला. "मॅडम, जाई कालपासून बोलतच नाय. मुलीला हाक मारते, पण नुसते ओठ हलतात. तुमी काय बोललात का तिला?"

"नाही हो. टेन्शन आलं असेल," क्षिप्रा खोटं बोलली आणि तिनं फोन ठेवला.

मंचावर गाण्याआधी संचालकानं पहिला सूर गुणगुणून द्यायचा असतो. आवाज नसतानाही येऊन उभ्या राहिलेल्या जाईची नजर चुकवत क्षिप्रानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसते ओठ हलले.

सगळ्याजणी सुरासाठी ताटकळल्या होत्या. मागच्या रांगेतून जाई क्षिप्राकडेच बघत होती. जाईनं तोंड उघडलं.

सूर अचूक लागला. आवाज क्षिप्राचा होता.