कॅप्टनचा चष्मा

स्ताफने पोट आत ओढलं, हात हँडलच्या खालच्या वळणावर नेले आणि पाठ जमिनीला समांतर केली. त्याची स्वतःची सायकल, माप घ्यायला, चष्मेवाली नेले हिच्या दुकानात स्टँडवर घट्ट बसवलेली होती. समोर आरसा होता. सायकलवाल्याला आरसा दाखवू नये. आमच्यातला प्रत्येक जण त्यात कुठल्या तरी शर्यतीच्या शेवटच्या चढावर असतो. साठीला टेकलेल्या स्ताफला आरशातला माणूस तिशीचा वाटला.

"नेहमी असेच बसता?" नेलेने हातातलं पेन थांबवून विचारलं.

"जन्मापासून."

तिने त्याच्या डोळ्यांवरच्या फ्रेमच्या काचेवर बुबुळासमोर ठिपका काढला. काचेचा वरचा भाग लांबचं बघायला, खालचा जवळचं. त्यांची सीमा या ठिपक्यावरून ठरणार होती. सायकलला एक आणि घरीदारी वापरायला दुसरा, असे दोन चष्मे घ्या, असं तिने परत परत सांगितलं. पण दोन चष्मे म्हणजे म्हातारपण दोनदा कबूल करणं. स्ताफने एकच घेतला. शर्यतवाले घालतात तसा, कानशिलापर्यंत वळलेला.

चष्म्याची वेळ आली ती एका खांबामुळे. रविवारी आमचा क्लब शेल्डे नदीच्या काठाने निघतो, तेव्हा सगळ्यात पुढच्याने ओरडायचं असतं. खड्डा! खांब! मागच्यांना पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. ते त्या आवाजाच्या भरवशावर चालवतात. कित्येक वर्षं तो आवाज कॅप्टन स्ताफचा होता. गेल्या महिन्यात, मोटारी अडवायला रस्त्याच्या मधोमध रोवलेला एक राखाडी खांब त्याच्या कोपरालगत मागे गेला आणि त्याने तोंड उघडलं नाही. त्याला तो दिसलाच नव्हता. मागचा लोडे खांबावर आदळला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. स्ताफ द्राक्षं घेऊन त्याला बघायला इस्पितळात गेला आणि "पुढच्याच्या चाकाला एवढं चिकटून कोण चालवतं, लेका?" असं विचारून आला.

क्लबने ठरवलं, पुढच्या फेरीनंतर मतं घ्यायची: कॅप्टन हाच की दुसरा. स्ताफच्या मते प्रश्न डोळ्यांचा होता, आणि डोळ्यांवर चष्मा हा उपाय असतो.

चष्मा फेरीच्या आदल्या संध्याकाळी, दुकान बंद होताना हातात पडला. घरी येऊन घातला, तर भिंतीवरचं घड्याळ विरघळलेलं. मान खाली घालून भुवयांखालून बघितलं की काटे लख्ख.

"बैलासारखा काय बघतोयस?" सूप वाढणारी त्याची बायको गोडेलीव म्हणाली. "शिंग मारणार आहेस का?"

"नवा आहे. सवय होईल."

काचेत काही चूक नव्हती. ज्या माणसासाठी ती बनवली होती, तो फक्त दुकानात, पोट आत ओढून, थोडा वेळ अस्तित्वात होता.

खरा स्ताफ सायकलवर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसावं तसा ताठ बसतो. सकाळी तो तसा बसला आणि रस्त्याचं पीठ झालं. मग तो वाकला. दुकानात वाकला होता तेवढाच. फरसबंदीतला दगड न् दगड वेगळा झाला.

"खड्डा! डावीकडे खांब! काचा!"

"कॅप्टन, जरा दमानं!" मागून क्लबातला वार्ड ओरडला. "आता बाटलीचं झाकण पडलंय तेही सांगशील!"

स्ताफला हसायला दम नव्हता. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला मांडी पोटावर आपटत होती. निम्म्या वाटेवर कमरेत कळ आली. पण ताठ व्हावं तर रस्ता नाहीसा होणार, आणि मागे सगळा क्लब त्याच्या आवाजावर चाललेला. तो शेवटपर्यंत तसाच राहिला. एकही खांब सुटला नाही.

कॅफेच्या भिंतीला सायकली टेकल्या. स्ताफ उतरला, पण पाठ उतरली नाही. उंबऱ्यात त्याने सरळ व्हायचा प्रयत्न केला. जमेना. मग तो तसाच आत शिरला आणि सगळ्यात जवळच्या टेबलाचा आधार घेऊन थांबला. तिथे लोडे बसला होता, हात गळ्यात बांधलेला.

सगळा कॅफे वळून बघू लागला. आमच्याकडे राजासमोरही कुणी एवढं वाकत नाही.

"अरे, हे काय!" लोडे धडपडत उठू लागला. "पुरे, स्ताफ. मला एवढं नको होतं रे. एक शब्द बोलला असतास तरी चाललं असतं."

पाठ धरलीय, एवढंच सांगायला स्ताफने तोंड उघडलं. पण वाकून वर बघताना काचेच्या वरच्या भागातून त्याला लोडे दिसला. इस्पितळात तो एक पांढरा ठिपका होता. आता नीट दिसला. शर्टाची बटणं एका हाताने लावलेली, सगळी एक घर चुकलेली. दाढी एकाच गालावर उरकलेली. उठताना गच्च आवळलेला जबडा.

"खांब मला दिसला नव्हता," स्ताफ म्हणाला. "आणि मी तुझ्यावर ढकललं. चूक माझी होती, लोडे."

वार्डने सगळ्यांसाठी बिअर सांगितली. मतं घ्यायची राहूनच गेली.

पाठ तेवढ्यात सुटली होती. स्ताफ मात्र आणखी थोडा वेळ वाकलेलाच राहिला.