केबल कित्याक जाय?

गोव्यात तुयेच्या बिस्किटांच्या कारखान्यात पीठ मळायचा मिक्सर अडला होता. तो लॅपटॉपवरून चालू करायला अमोल आला, तर त्याच्या केबलची पिन मोडलेली. नवी आणेपर्यंत थांबायला मालक तयार नव्हता.

"वायफायान चालू कर मरे. केबल कित्याक जाय?"

"सायब, केबल लावली की समोरच्याच मशीनला हुकूम जातो. वायफायवर ह्या आणि पलीकडच्या मिक्सरला तुमच्या माणसांनी एकच नंबर देऊन ठेवलाय. भलताच फिरला तर?"

"तो बंद आसा. बंद मशीन कोणाक खाता रे? भंय दिसता जाल्यार घरा वच."

घरी जा म्हटल्यावर अमोलने घाबरतच बटण दाबलं. समोरचा मिक्सर ढिम्म हलला नाही. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली.

"चालू जालो पळय!" आवाज ऐकूनच मालक खूश झाला.

अमोल धावत पलीकडे गेला आणि त्याने लाल बटण ठोकलं. मिक्सर थांबला. आतून काहीच आवाज आला नाही. मिक्सरला लावलेल्या शिडीखाली सफाईवाल्या सगुणच्या चपला होत्या. पीठ लोकांच्या पोटात जातं, म्हणून आत उतरताना तो त्या बाहेर काढून ठेवायचा.