नारळ-विवेचन, खंड दुसरा

कपाटाची वरची फळी रिकामी होती. उर्मिलाताई स्टुलावर चढून पुन्हा पुन्हा बघत होत्या. सहाही खंड गेले होते!

उर्मिलाताई सांभाळत त्या गिरगावातल्या वाचनालयात अण्णांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, 'नारळ-विवेचन' आजवर कसरीखेरीज कोणी उघडलं नव्हतं. अण्णांनी उभं आयुष्य नारळावर घालवलं. एकेक खंड पाटासारखा जाड. अध्यक्ष शरदचंद्ररावांनी तर बजावलंच होतं, "दिवाळीपर्यंत एक तरी वाचक दाखवा, नाहीतर हे सगळं रद्दीत. त्या जागेत कॅरम मावतो."

आणि अचानक, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत, लोकांना नारळाचं वेड लागलं. कादंबऱ्या पडून, आणि विवेचनावर उड्या! पहिला खंड डिलाईल रोडच्या गुणाजीनं नेला, चौथा खोताच्या वाडीतल्या कमलाकांतनं. दुसरा तर त्या चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात कोणीतरी लांबवला. चोरून न्यावा इतकी ओढ! आज अण्णा असते तर... उर्मिलाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि घरी जाऊन नारळाच्या वड्या थापल्या. खंड परत आणणाऱ्याला एकेक वडी.

पहिला आला कमलाकांत.

"कसा वाटला रे?"

"दणकट," वडी तोंडात टाकत तो म्हणाला.

"आणि विषय?"

"विषयाचं काय सांगू, ताई. पण पुठ्ठ्याला तोड नाही."

उर्मिलाताईंनी खंड हातात घेतला. पानं एकमेकांना चिकटलेलीच. पुठ्ठ्यावर मात्र आडवा, खोल वळ.

"हे काय रे मेल्या?"

कमलाकांतनं मान खाली घातली. "मोर्चाला जाताना पाठीला बांधतो, ताई. वरून सदरा. परवा लाठी बसली. मला काही नाही, नारळ फुटला. सगळेच बांधतात."

उर्मिलाताईंनी वड्यांचं ताट मागे ओढलं. कमलाकांत हळूच सटकला.

तेवढ्यात शरदचंद्रराव आले. ऑक्टोबरचा उकाडा, तरी गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट.

"बसा," उर्मिलाताई म्हणाल्या.

"नको, उभाच बरा. मोर्चा आत्ता खालून जाईल, त्यातच निघालोय." टेबलावरचा खंड त्यांनी पाहिला आणि काय ते ओळखलं. "बघा, उर्मिलाबाई! ढाल म्हणून नेलेलं पुस्तक मी वाचलेलं धरत नाही. दिवाळी तोंडावर आलीय, उद्या रद्दीवाला बोलावतो."

उर्मिलाताईंनी पुठ्ठ्यावरच्या वळावरून बोट फिरवलं. अण्णांचं अख्खं आयुष्य, आणि त्याचा उपयोग काय, तर पाठीला!

दारात गुणाजी उभा राहिला. दाढी वाढलेली, काखेत पहिला खंड. "ताई, दुसरो खंड होयो हा."

"पोत्यात भुसा भर आणि तो बांध पाठीला!" त्या कडाडल्या.

"पाठीक कित्याक? वाचूक होयो!" गुणाजी चकित झाला. "पोलिसांनी दोन दिवस कोठडीत घातलो. थंय दुसरा काम काय? सगळो वाचून काढलंय. गावाक आमच्या माडांका भुंगो लागलोहा. अण्णांनी शेवटाक लिवलाहा, उपाय दुसऱ्या खंडात बघा. माका आजच आयेक पत्र धाडूचा हा."

उर्मिलाताईंनी वड्यांचं अख्खं ताट त्याच्यासमोर ठेवलं. "ऐकलंत, शरदचंद्रराव? वाचक!"

"छान, छान," अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले. "पण दुसरा खंड तर कोणीतरी नेलाय ना? मग काय उपयोग! चला, मला उशीर होतोय." आणि ते दाराकडे वळले.

काळ्या कोटाच्या पाठीवर एक चौकोनी कोपरा वर आला होता.

"शरदचंद्रराव," उर्मिलाताई शांतपणे म्हणाल्या, "कोट काढा."

बटणं निघाली, सदरा वर झाला, उपरण्याची गाठ सुटली. गुणाजीनं खंड घेतला आणि उभ्या उभ्याच भुंगा शोधायला लागला. खालून घोषणा ऐकू येऊ लागल्या. शरदचंद्ररावांनी उघड्या पाठीवर हात फिरवला आणि टेबलावरच्या चौथ्या खंडाकडे बघितलं.

उर्मिलाताईंनी तो उचलून छातीशी धरला. "हा तर उद्या रद्दीत जायचाय ना?"

"कोण म्हणतो?" अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाठ केली. "घट्ट बांधा."