वाळूची जोडी

वीटभट्टीचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी येऊन थांबला, तेव्हा माधुरी संजीवनीबाईंच्या स्कूटीवर मागे बसली होती. मांडीवर बॅग, बॅगेत कॉलेजचे कपडे, आणि नजर सगळी टेम्पोकडे. होस्टेलला जाण्याआधी तिला ती बाई बघायची होती. बापाने आणलेली नवी बाई.

तसं बापाने तोंडाने काही कबूल केलं नव्हतं. पण भट्टीवर एकटा माणूस घेत नाहीत, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिथे जोडी लागते. एकाने चिखल मळून आणून द्यायचा, दुसऱ्याने साच्यात थापायचा. नवरा-बायको असले की मुकादम खूश. माधुरीची आय श्रावणात तापाने गेली आणि तिच्या बापाची, वाळूची, जोडी मोडली. मग उरलं कोण? माधुरीच. अकरावीतली, अंगाने धडधाकट. भातकापणी उरकली की कॉलेज सोडायचं, बापाबरोबर मुरबाडकडच्या भट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, असं कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. इतके महिने दांडी मारल्यावर कॉलेजात परत कोण जातं? वाडीतली एकही पोरगी गेलेली नव्हती.

आणि दिवाळीच्या आधी स्कॉलरशिप मिळाली. एका संस्थेची. शहापूरला होस्टेल, फी, पुस्तकं, दोन वेळचं जेवण, आणि बारावी झाली की नर्सिंगसुद्धा. अट एकच, मधेच कॉलेज सोडायचं नाही. दहावीपर्यंत जी माधुरी वर्गात हजेरीलाही जेमतेम तोंड उघडायची, ती मुलाखतीत अशी काही बोलत सुटली की तिच्या दहावीच्या वर्गशिक्षिका संजीवनीबाई नंतर म्हणाल्या, अगं, तुला थांबवायला शेवटी पाणी पुढे करावं लागलं.

बाप चिडेल असं तिला वाटलं होतं. वाळू चिडला नाही. दारात बसून त्याने विडी संपवली. मग म्हणाला, "जा गो तू. जोडीचं मी बघतो."

थोड्या दिवसांत जोडी गावलीसुद्धा. कोण, ते मात्र सांगेना. विचारलं की उठून बाहेर जायचा. वाळूने पाट लावला म्हणे, अशी कुजबुज सुरू झाली. शेजारच्या जनाबाईने तर टोमणाच मारला, नव्या आयेच्या हातची भाकर गोड लागते का बघ पोरी. माधुरीला ते फार झोंबलं. आय जाऊन असे किती दिवस झाले होते? ती बापाशी बोलेनाशी झाली. धाकट्या सोमीला तिने बजावलं, ती बाई घरात आली तर तिला आय म्हणायचं नाही. सोमीने नुसती मान हलवली. सोमी हल्ली बापाला चिकटूनच असायची. शाळा बुडवून त्याच्याबरोबर ओढ्यावर जायची, कोपरापर्यंत चिखलाने माखून यायची, आणि एरवी एवढ्यावरून ओरडणारा बाप गप्प बसायचा. आयेविना पोर लाडावलीय, माधुरीला वाटायचं.

राग होता, तरी एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. न बघितलेल्या त्या बाईचे तिने मनातल्या मनात आभार मानले होते. ती आली म्हणून आपण सुटलो.

टेम्पोत बिऱ्हाडं चढू लागली. हंडे, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. मुकादम एकेक जोडी बघून वर घेत होता. जनाबाई आणि तिचा नवरा चढले. मग वाळू पुढे झाला. त्याच्या बाजूला कुणी बाई नव्हती. मुकादमाने विचारलं, तुझी जोडी कुठाय.

वाळू वाकला आणि त्याने सोमीला उचलून फळीवर उभं केलं.

एवढीशी काय चिखल ओढणार, मुकादम म्हणाला. वाळू म्हणाला, शिकवलंय तिला, होईल तयार. मुकादमाने तिचे दंड चाचपून बघितले, आणि घेतली.

संजीवनीबाई स्कूटी तशीच टाकून धावल्या. पोरीची शाळा चालू आहे, तिला नेता येणार नाही, मी तक्रार करीन, सगळं बोलल्या. वाळूने मान खाली घालून ऐकून घेतलं. आवाजही चढवला नाही.

"दोन पोरी हायत माझ्या," तो म्हणाला. "इथं काम नाय, एकट्याला कोन घेत नाय. कुठली नेऊ, तुमीच सांगा बाई."

बाई परत येऊन स्कूटीवर बसल्या. किल्ली फिरवेनात. मागे वळून माधुरीकडेही बघेनात.

टेम्पोच्या फळीवरून सोमी वाकली. ती रडत नव्हती. काहीतरी मोठं काम मिळाल्यासारखा तिचा चेहरा होता.

"ताय, तू जा गो," ती ओरडली. "तुझी अकरावी बुडंल. माझं काय, मी तर अजून चौथीतच हाय."

माधुरी उतरून टेम्पोपर्यंत गेली असती, तर मुकादमाने हसत हसत बदली करून घेतली असती. तिला ते समोर दिसत होतं. बापालाही दिसत होतं. तो तिच्याकडेच बघत होता.

माधुरीने बाईंचा खांदा घट्ट धरला.

"चला बाई," ती म्हणाली. "उशीर होतोय."